दैवशाला नाट्य मंडळ, गिरणीसमोर

बायको माझ्या अंगावर ओरडतेय असं समजून शेजारचे तात्याराव भांडण सोडवायला आले, तिथून आमच्या नाटक कंपनीचा इतिहास सुरू होतो.

"वहिनी, जाऊ द्या," ते उंबऱ्यातूनच म्हणाले. "राधाकिशन गरीब माणूस हाय. मोटारीच्या तारा गुंडाळून गुंडाळून डोकं जरा जाम झालंय, पण दिलानं वाईट न्हाई."

दैवशाला कमरेवर हात ठेवून उभी होती. मी बाजेवर बसून भुईमुगाच्या शेंगा खात होतो. ती तात्यारावांकडं वळली आणि त्याच आवाजात म्हणाली, "जावईबापू, मी उद्याच्या गाडीनं जाते म्हणले, तर तुमच्या तोंडातून 'राहा' एवढा शब्द निघंना व्हय?"

तात्याराव आल्या पावली मागं उतरले. संध्याकाळपर्यंत गावात बातमी झाली की राधाकिशनच्या बायकोला भ्रम झालाय, ती शेजाऱ्याला जावई म्हणायलीय.

ती नाटक बसवत होती. आमचं गाव ताडकळसच्या वाटेवर आहे. मी विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करतो. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गावात बायकांची हळदीकुंकवं चालतात आणि प्रत्येक घरी वाण म्हणून प्लास्टिकचा डबा मिळतो. आमच्या घरात असे डबे इतके झाले होते की डब्यांत डबे ठेवायची वेळ आली होती. त्या वर्षी दैवशालानं ठरवलं, रथसप्तमीला आपल्या घरी वाण म्हणून डबा द्यायचा नाही, नाटक द्यायचं.

नाटकाचं नाव 'विहीणबाई, गाडी गेली!' लेकीच्या सासरी दोन दिवसांसाठी आलेली विहीण रोज परत जायला निघते. रोज काहीतरी होतं. कधी लोणच्याची बरणी सापडत नाही, कधी चप्पल, कधी 'घोटभर च्या घेऊन जा' असा आग्रह होतो. तेवढ्यात घरची विहीण रस्त्याकडं बघून ओरडते, "विहीणबाई, गाडी गेली!" आणि पाहुणी पिशवी खाली ठेवून म्हणते, "गेली? आता काय करावं बाई! ऱ्हावं लागंल." एवढंच नाटक. लिहिलेलं काही नव्हतं, सगळं तोंडी. दैवशाला स्वतः पाहुणी विहीण होणार होती, तिची मैत्रीण पंचफुलाबाई घरची विहीण, आणि जावयाच्या कामाला एक शेजारीण मिशी लावून तयार होती.

गावाला आधी कळू नये म्हणून तालीम पंचफुलाबाईंच्या पिठाच्या गिरणीत चालायची, गिरणी चालू ठेवून. बाहेर कुणाला काही ऐकू जात नसे. आत मात्र एकमेकींना ऐकू जाण्यासाठी तिघींना बोंबलून बोलावं लागे. त्यामुळं वाक्यं पाठ झाली ती त्याच पट्टीत. घरी येऊन ती सराव करायची तोही त्याच पट्टीत. म्हणून तात्याराव.

"बघा तुमी," ती मला म्हणायची, "गाव लोळंन हसून."

रथसप्तमी तोंडावर आली असताना सकाळी भाकरी थापता थापता तिच्या छातीत कळ आली. परभणीला नेतानाच वाटेत संपलं. मला यावर जास्त लिहिता येत नाही. मोटार जळायच्या आधी वास येतो, आवाज बदलतो, माणूस सावध होऊन बटन बंद करतो. इथं तसलं काहीच झालं नाही.

भेटायला आलेली प्रत्येक बाई म्हणाली, "अहेव मरण आलं, भाग्याची होती." नवऱ्याच्या आधी बाई गेली की तिला भाग्यवान म्हणायची आपल्याकडं पद्धत आहे. मी एकदोघींना विचारलं, भाग्य नेमकं कुणाचं? चहा मात्र सगळ्यांनी घेतला.

मग वर्षभर लोक मला बघून तोंड पाडायला लागले. मी चौकात गेलो की चाललेल्या गप्पा थांबायच्या, हसणारा माणूस हसू गिळायचा. मोटार न्यायला आलेलं गिऱ्हाईकही आधी सुस्कारा टाकायचं आणि मग मोटार मागायचं. मला वाटायचं, मी माणूस नाही, चालतंफिरतं सुतक आहे. तात्याराव तर एकदा म्हणाले, "राधाकिशन, तुझ्या घरातून वरडा ऐकू येत न्हाई तर मला दुपारची झोप लागंना." हे त्यांनी सांत्वन म्हणून सांगितलं.

वर्षश्राद्ध जवळ आलं तशी माझी थोरली बहीण नर्मदाबाई, आमची अक्का, पाथरीहून आली. येताना सगळा बेत ठरवूनच आली होती. सकाळी विधी, संध्याकाळी कीर्तन, मग पंगत, पंगतीला बुंदी.

"कीर्तन नको," मी म्हणालो. "नाटक करायचं. तिचं नाटक."

अक्कानं मला आधी नीट बघून घेतलं. "येड लागलं का रं तुला? वरीस सरायच्या आत माणसं घरात पापड लाटत न्हाईत, अन् तू नाटक करायलास?"

"वरीस सरल्यावरच करायचंय. त्याच दिवशी."

"लोक काय म्हणतील?"

"लोक जेवतील. तोंडात घास असल्यावर लोक काही म्हणत नाहीत."

"कीर्तनानं आत्म्याला शांती भेटती."

"अक्का, तिला शांत बसायला कधी आवडलं?"

अक्का चिडून आत गेली. आता कीर्तनाशी माझं वैर नाही. पण महाराज येऊन सांगणार, देह नाशवंत आहे. ते मला चांगलं माहीत झालं होतं. मला पाहिजे होतं वेगळंच. वर्षभर ज्यांनी माझ्यासमोर तोंडं पाडली, त्या सगळ्यांना मला तिच्या वाक्यांवर हसताना ऐकायचं होतं. तिचं तेवढंच राहिलं होतं. त्यात मी एक इंचही मागं हटणार नव्हतो.

पहिली अडचण म्हणजे नट. मिशी लावणारी शेजारीण नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली होती. जावई म्हणून मंडपवाला बन्सीधर तयार झाला, कारण मंडप, पडदा, माइक सगळं त्याचंच होतं आणि नटच मालक असला की सामान वेळेवर येतं असं मला वाटलं. पंचफुलाबाई होत्याच. आख्खं नाटक त्यांच्याच डोक्यात शिल्लक होतं. राहिली पाहुणी विहीण. त्या कामाला एकही बाई उभी राहीना. गेलेल्या बाईचं काम कोण करणार? तिचं नशीब आपल्या मागं लागलं तर?

"मी करतो," मी म्हणालो.

गिरणीत पीठ न्यायला आलेले लोक हातातले डबे तसेच धरून उभे राहिले. तात्याराव म्हणाले, "कोणतं काम?"

"विहिणीचं. माझ्या मागं नशीब लागून लागून काय लागणार आता?"

वर्षभरात पहिल्यांदाच माझं म्हणणं गावानं एका दमात मान्य केलं.

दैवशालानं या नाटकासाठी पोपटी काठाचं वांगी रंगाचं नऊवारी लुगडं काढून ठेवलं होतं. अक्का म्हणाली, "ते एखाद्या सवाशिणीला देयाचं असतं." मी म्हणालो, "दिलं. मलाच दिलं." पंचफुलाबाईंनी नेसायला शिकवलं. पण मी जन्मभर तांब्याची तार गुंडाळलेला माणूस. आमच्या धंद्यातला नियम असा की वेटोळ्यात कुठं सैल राहता कामा नये. मी लुगडंही त्याच नियमानं नेसलो. इतकं पक्कं बसलं की सुटायचा प्रश्न नव्हता. फक्त मला पाऊल टाकता येईना. मी गिरणीत उड्या मारत हिंडलो, आणि बन्सीधर म्हणाला, "काका, विहीण अशीच निघाली तर गाडी जाणारच की."

दुसरी अडचण जास्त अवघड होती. पंचफुलाबाईंना नाटक गिरणी चालू असतानाच आठवायचं. पट्टा फिरायला लागला की वाक्यांमागून वाक्यं धडाधड पडायची. वीज गेली, गिरणी थांबली, की त्या वाक्याच्या मध्यात थांबून आमच्याकडं अशा बघायच्या की आम्ही कोण, त्या कोण, काहीच कळू नये. मी म्हणायचो, "आठवा की." त्या म्हणायच्या, "भाऊ, गिरणी चालू करा, मग इचारा." शेवटी तालमीसाठी लोकांची ज्वारी हळूहळू दळायला लागलो. तरी आम्ही बोलत राहायचो आणि ज्वारी मैद्यासारखी व्हायची. भाकरी थापता येईना म्हणून बायका भांडायला आल्या, आणि आल्या तशा तालीम बघायला बसल्या.

बसणारा प्रत्येक जण सल्ला देणार, हा आपल्या भागातला शिरस्ताच आहे. तात्याराव म्हणाले, एक तरी लावणी पाहिजे, पब्लिक थांबत नसतं. दुसऱ्यानं सुचवलं, व्यसनमुक्तीचा संदेश टाका, संदेशाला अनुदान असतं. मी म्हणालो, संदेश आहेच. पाहुण्यानं वेळेवर घरी जावं. तात्याराव त्या दिवशी गिरणीत सकाळपासून बसलेले होते. त्यांनी ते स्वतःला लावून घेतलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तेवढ्यात दोन तालमी चांगल्या झाल्या.

मग परवानगी. ठाण्यातले हवालदार सभ्य गृहस्थ होते. त्यांनी मला खुर्ची दिली.

"कार्यक्रम धार्मिक की राजकीय?"

"नाटक."

"म्हणजे तमाशा?"

"नाही साहेब. वर्षश्राद्ध आहे. त्यात विनोदी नाटक."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "काका, मयताच्या कार्यक्रमाला आमचं काही म्हणणं नसतंय. करमणुकीच्या कार्यक्रमाला असतंय. दोनातलं एक ठरवा. करमणूक म्हणलं तर नाटकाच्या लेखी प्रती पाहिजेत, तीन."

"लेखी नाही. सगळं पंचफुलाबाईंच्या डोक्यात आहे."

"मग त्यांना आणा. तीन प्रतींत."

शेवटी हवालदारांनीच आपल्या बुद्धीनं मार्ग काढला. कार्यक्रमाचं स्वरूप : वर्षश्राद्ध, भजन व इतर. आमचं नाटक 'इतर'मध्ये गेलं. मला ते लागलं. मी म्हणालो, "साहेब, भजन नाहीच आहे. नुसतं 'इतर' लिहा." ते म्हणाले, "काका, नुसतं इतर म्हणजे लय संशयास्पद वाटतं."

जाहिरात पाहिजे म्हणून परभणीत फ्लेक्स छापणाऱ्या गोपीचंदला फोनवर मजकूर सांगितला आणि दैवशालाचा फोटो पाठवला. फ्लेक्स रातोरात फाट्यावर लागलाही. सकाळी जाऊन बघतो तर वर दैवशाला, भोवती फुलांचा हार, खाली तेवणारी समई. शेजारच्या चौकटीत मी. मलाही हार. मलाही समई. मधोमध मोठ्या अक्षरांत 'विहीणबाई, गाडी गेली!' आणि तळाशी, 'शोकाकुल : बन्सीधर मंडपवाले, पंचफुलाबाई गिरणीवाल्या. दैवशाला नाट्य मंडळ, गिरणीसमोर.'

मी गोपीचंदला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "काका, तुमीच म्हणले वर्षश्राद्ध हाय. आमच्याकडं दोनच डिझाइन, वाढदिवस अन् श्रद्धांजली. वाढदिवसाच्यात मागं वाघ येतो. काकूच्या मागं वाघ बरा दिसला असता का?"

"आणि मी का?"

"दोन चौकटी होत्या. एक रिकामी चांगली दिसंना."

त्याच दुपारी पाथरीकडच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. आवाज एकदम पडलेला. "राधाकिशनराव गेल्याचं कळलं. लय वाईट झालं. मपली मोटार त्यांच्याकडं हाय, आता कुणाला मागावी?"

"मीच बोलतोय," मी म्हणालो.

तो मग म्हणाला, "असं का. मग झाली का मोटार?"

फ्लेक्स बदलायला वेळ नव्हता. तात्याराव, आता पुन्हा बोलायला लागलेले, फाट्यावरून येऊन डोळे पुसत म्हणाले, "राधाकिशन, 'विहीणबाई, गाडी गेली' म्हणं. तुझ्या व्याह्यांनी लय मनापासून लिहिलंय." मला व्याही नाहीत. आम्हाला मूलबाळच नाही. हे तात्यारावांना तीस वर्षं माहीत आहे.

वर्षश्राद्धाच्या दिवशी सकाळचा विधी झाला. दुपारी बन्सीधरनं मंडप घातला तो पांढराशुभ्र. लाल कापड लग्नाला पूर्णेला गेलं होतं. पांढरं फक्त मयतासाठी असतं आणि ते कायम मोकळं असतं, असं त्यानं समजावून सांगितलं. जेवण आधी दिलं तर मंडप रिकामा होईल म्हणून तात्यारावांच्या सल्ल्यानं नाटक आधी, पंगत नंतर. सल्ला बरोबर होता. त्यांच्या आयुष्यातला बहुतेक एकमेव.

दिवस मावळायला आख्खं गाव आलं, वरून ताडकळसचे, पाथरीचे पाहुणे. सगळे हात जोडून आले, फोटोला फूल वाहिलं आणि खाली माना घालून बसले. बायकांनी पदर तोंडाला लावले. पुढच्या रांगेत मधोमध अक्का, नाराज.

पडदा सरकला. बन्सीधर जावई म्हणून बोलला, "सासूबाई येणार म्हणून आईनं तीन दिवस आधीच साखरेचा डबा लपविला." गिरणीतल्या बायका या वाक्याला भिंतीला टेकून हसल्या होत्या. इथं एक म्हातारी हुंदका देऊन म्हणाली, "लय गोड खायची गं दैवशाला." आणि चार जणी रडायला लागल्या.

मी उड्या मारत आलो. सगळं गाव माझ्याकडं अशा नजरेनं बघायला लागलं की या माणसाचं दुःखानं डोकं फिरलंय, त्याला सांभाळून घ्या. मी पहिलं वाक्य टाकलं. आता पंचफुलाबाईंनी उत्तर द्यायचं. त्या उभ्या. माइकचा मंद आवाज, रडणाऱ्या बायका, आणि गिरणी कुठंच नाही. त्या माझ्याकडं बघून हळूच म्हणाल्या, "भाऊ, मी कोण हाय?"

तेवढ्यात पाथरीचे दैवशालाचे चुलते, वयानं मोठा माणूस, बाजूनं रंगमंचावर चढले. त्यांच्या हातात टॉवेल-टोपीचा आहेर. "राधाकिशनराव," ते माइकजवळ म्हणाले, "आमची जीप निघायलीय. एवढा आहेर घ्या, मग चालू द्या तुमचं." आणि विधिपूर्वक त्यांनी माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि डोक्यावर, पदरावरून, पांढरी टोपी घातली. मी वाकून नमस्कार केला. लुगड्यात वाकलो तो सरळच होता येईना. बन्सीधरनं मागून धरून उभं केलं. आहेराची वेळ म्हणून सगळा मंडप गंभीर.

आणि वीज गेली.

अंधारात तात्यारावांचा आवाज आला, "झालं रं बाबा. लय केलंस. आता बंद कर अन् पंगती बसव."

लोक उठायला लागले. खुर्च्या सरकल्याचे आवाज मला ऐकू आले. तेव्हा मात्र माझ्या मस्तकात गेलं. वर्षभर गिळलेलं सगळं वर आलं. आणि मला बोलायला माइक लागतच नव्हता. मी गिरणीत शिकलेला नट.

"बसा खाली!" मी ओरडलो. फाट्यावरचं कुत्रं भुंकलं. "हे नाटक माझ्या बायकोनं केलंय. तुम्हाला हसवायला केलंय. वर्षभर तुम्ही माझ्यासमोर रडलात, मी काही बोललो नाही. आता पुरे. ज्याला रडायचंय त्यानं माझ्या घरामागं जाऊन रडावं, तिथं जागा आहे. इथं बसायचं तर हसायला बसा. नाटक संपल्याशिवाय आज मी कुणाला बुंदी वाढणार नाही!"

लोक खाली बसले. दुःखामुळं की बुंदीमुळं, ते मी विचारलं नाही. पण हसलं कुणी नाही. कुणीतरी मोबाइलचा उजेड माझ्यावर टाकला. टोपी, टॉवेल, माझी स्वतःची मिशी आणि वांगी लुगडं. तसाच उभा राहिलो.

तेव्हा पुढच्या रांगेतून अक्का उठली. पायरी चढून वर आली. मला वाटलं, ही आता मला हाताला धरून खाली नेणार.

"थोबाड काय उघडायलास?" ती म्हणाली. "आदी पदर नीट घे. दैवशाला असा पदर घेत होती व्हय? टोपीखालून? काढ ती टोपी." तिनं टोपी उचलून बन्सीधरच्या डोक्यावर ठेवली, कमरेपाशी खोचलेला घोळ एका हिसक्यात सैल केला आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. "आन् ह्ये लुगडं नेसलास का मोटार बांधलीस?"

मागच्या रांगेत कुणीतरी फस्सकन हसलं. मग दुसरं. मग जे काही झालं ते मला नीट सांगता येत नाही. वर्षभर दाबलेलं हसू होतं ते. बायकांनी तोंडाचे पदर डोळ्यांना लावले, पण आता वेगळ्या कारणासाठी. गावाला वाटलं, अक्का नाटकातलीच आहे. अक्कानं लोकांकडं बघितलं. लोक आपल्याला हसतायत हे तिला कळलं, आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, तिला ते आवडलं.

उजेडासाठी कुणीतरी ट्रॅक्टर मंडपाच्या तोंडाशी आणून उभा केला. दिवे लागले. इंजिन धडधडायला लागलं. आणि पंचफुलाबाईंचा चेहरा बदलला. गिरणी सुरू झाली होती.

"यावं यावं विहीणबाई!" त्या अशा गरजल्या की रंगमंचाची फळी हालली. "दोन दिसाचं सांगून आल्या, अन् पेटी केवढी आणली! आतमंदी जागा शिल्लक असंल तर आमचं घर बी भरून न्या!"

त्यानंतर थांबणं नव्हतं. ट्रॅक्टरवरून आमचा आवाज फाट्यापर्यंत जात होता. तिसऱ्यांदा विहीण चप्पल शोधायला लागली तेव्हा पंचफुलाबाईंच्या आधी सगळा मंडपच ओरडला, "विहीणबाई, गाडी गेली!" मी पिशवी खाली ठेवली आणि दैवशाला म्हणायची तसं म्हणालो, "गेली? आता काय करावं बाई! ऱ्हावं लागंल." गाव लोळलं. ती म्हणाली होती तसंच. अक्का तोपर्यंत रंगमंचावरच एका खुर्चीवर बसून होती. नाटक संपलं तरी उठेना. दैवशालाच्या नाटकात विहिणीला थोरली बहीण नव्हती. आता आहे.

पाथरीचे चुलतेही मागच्या खांबाला टेकून हसत होते. त्यांची जीप कधीच गेली होती.

यापुढं कंपनीची भरभराट झाली, पण जरा अवघड रस्त्यानं. महिना झाला नाही तोच एक निरोप आला : आमच्या वडलांचं वर्षश्राद्ध आहे, ते विहिणीचं करा की. मग दुसरा. मग कुणाच्या आजीचं. लग्नाला, जत्रेला आम्हाला कुणी बोलावत नाही, कारण फ्लेक्सवर समई आहे. दुसऱ्या कंपन्यांना तिकिटं खपायची वाट बघावी लागते, आम्हाला माणूस जायची. तात्याराव आता आमचे व्यवस्थापक आहेत. कुणाच्या घरी कोण आजारी आहे याची ते जरा जास्तच आपुलकीनं चौकशी करतात. त्यावरून मी त्यांना दोनदा दम दिलाय. आमची अट एकच, वीज असो नसो, ट्रॅक्टर चालू पाहिजे.

पाठीमागं बोलणारे आहेतच. मढ्यावर हसणारी कंपनी म्हणतात. म्हणू देत. ज्यांच्या घरी आम्ही जाऊन आलो, ते म्हणत नाहीत.

मग परवा चारठाण्याहून एका म्हाताऱ्यांचा फोन आला. आश्रुबा नाव. मी सवयीनं विचारलं, "कुणाचं वर्षश्राद्ध?"

"मपलंच," ते म्हणाले. "म्हंजे अजून मेलो न्हाई. पोरं म्हणायलीत, वर्षश्राद्धाला तुमचं नाटक करू. म्हणलं, सगळं गाव हसंल अन् मी एकटा गप पडून ऱ्हाऊ? न्हाई जमायचं. मी हितं जिता बसेल असताना करा."

आम्ही गेलो. बन्सीधरचा टेम्पो, मंडप पांढराच. आश्रुबा पुढं मधोमध, अंगावर घोंगडी घेऊन. ते इतके हसले की त्यांच्या सुनेनं दोनदा पाणी पाजलं. नाटक संपल्यावर त्यांनी मला काठीनं खुणावलं.

"ह्ये कुणी केलं रं नाटक?"

"माझ्या बायकोनं."

"मग बोलीव की तिला फुडं. बघू तर दे."

मी खांद्यावरचा पदर सावरायला लागलो. पंचफुलाबाई खाली बघायला लागल्या. अक्काच पुढं झाली. तिनं माझ्या पदराचं पोपटी टोक धरून म्हाताऱ्यांच्या हातात दिलं. "ही काय. एवढीच उरली, दादा."

आश्रुबांनी काठ बोटांनी चाचपला. मग लुगड्यालाच म्हणाले, "माय, लय हसविलंस बघ."

दुसऱ्या दिवशी मी लुगडं धुतलं आणि अंगणात, रस्त्याच्या बाजूच्या तारेवर, उलगडून वाळत घातलं. नऊ वार. वारा होता. रस्त्यानं जाणारी मोटारसायकल हळू व्हायची, मागं बसलेली बाई वळून बघायची.

तात्याराव उंबऱ्यातून म्हणाले, "राधाकिशन, मागल्या बाजूला घाल की रं. बायकोचं लुगडं असं मोहरं. लोक बघायलेत."

"बघू द्या," मी म्हणालो. "आपण तिकीट कधी लावलंय?"